मनात आलं, म्हणजे झालंच का?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी वसईची, कॅथलिक. नवरा नगरकडचा, प्रॉटेस्टंट. लग्नाला नऊ वर्षं झाली. दर रविवारी मिस्सा (आमची प्रभुभोजनाची उपासना), आणि महिन्यातून एकदा त्याच्या मंडळीत उपासनेला जाते. वर्षभरापासून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे मन ओढलं जातंय. त्याला काही बोलले नाही, काही केलं नाही. पण त्याचा डीपी उघडून बघते. तो चहाला निघाला की मलाही चहा हवासा वाटतो. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की डोळ्यांसमोर तोच. नवऱ्याच्या मंडळीतल्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, “मनात आलं म्हणजे देवाच्या नजरेत झालंच.” आमचे फादर म्हणतात, संमती दिल्याशिवाय पाप नाही. मैत्रीण म्हणते, पाच सेकंदांत विचार झटकला तर चालतं. मी वहीत खुणा करते. गुरुवारी २३ झाल्या. दर शनिवारी पापनिवेदनाला जाते, लाज वाटते म्हणून चर्च बदलत राहते. मागच्या महिन्यात नको ते स्वप्न पडलं, त्या रविवारी कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेतलं नाही. कोण खरं बोलतंय? आणि नवऱ्याला सांगू का?’

प्रिय भगिनी,

आधी स्वप्नाचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. झोपेत संमती देता येत नाही, त्यामुळे स्वप्नात पाप घडत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन, त्याला या प्रश्नानं चांगलंच छळलं होतं: जागेपणी जे नाकारतो तेच झोपेत मला कसं भुलवतं, तेव्हा मी मीच नसतो का? कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात उत्तर नेमकं केलं: झोपेत विवेक मोकळा नसतो, म्हणून तिथल्या गोष्टीचा दोष लागत नाही. दोष शोधायचाच तर जागेपणी मुद्दाम काय केलं, तिथं शोधावा. त्या रविवारी तुम्ही कम्युनियन चुकवायला नको होतं.

पाच सेकंदांचा नियम कुठल्याच चर्चचा नाही. पण तो कुठून आला असावा हे कळतं. जुन्या नीतिशास्त्रात ‘देलेक्तात्सिओ मोरोसा’ म्हणजे रेंगाळून चाखलेली गोडी असा एक शब्द आहे. ‘मोरा’ म्हणजे विलंब, म्हणून लोक लगेच घड्याळाकडे बघतात. अक्वायनसनं हीच समजूत खोडून काढली आहे. तो म्हणतो, हे नाव वेळेवरून पडलेलं नाही. विवेकाला कळलं, आता हाकलायला हवं हेही कळलं, तरी तो तिथंच रमला, यावरून पडलं आहे. तुमच्याच लोकलमध्ये बघा. वसईला गाडी सुटली, मन भरकटलं, आणि भाईंदरच्या खाडीचा पूल लागला तेव्हा ‘अरे, मी काय विचार करतेय?’ असं भानावर आलात. तोवरचं तुमच्या खात्यावर नाही, मग ती दहा मिनिटं का असेनात. पण पुलावर भान आलं आणि मनाशी म्हणालात, ‘असू दे, बोरिवलीपर्यंत’, तर तिथून पुढचं तुमचं. तो निर्णय व्हायला एक सेकंदही पुरतो.

आता पाळकसाहेब आणि फादर. दोघंही आपापल्या परंपरेशी प्रामाणिक आहेत, आणि भांडण खरं आहे. ते ‘शेवटी सगळं एकच’ म्हणून मिटवण्यात अर्थ नाही. मात्र भांडण नक्की कुठल्या जागी आहे ते बघायला हवं, कारण तुम्हाला वाटतं त्या जागी ते नाही.

विचार येण्यापासून पाप घडेपर्यंतचे टप्पे ऑगस्टीननं तीन मोजले: सूचना, गोडी, संमती. एदेन बागेच्या गोष्टीत सर्प, हव्वा, आदाम, त्याच क्रमानं. पूर्वेकडच्या मठवासींनी आणखी बारीक कातलं. सिनाय पर्वतावरचा योहान क्लिमाकस सातव्या शतकात लिहितो की पहिला धक्का, म्हणजे एखादी प्रतिमा मनात येऊन आदळणं, निर्दोष असतं. तिच्याशी बोलत बसणं ही पुढची पायरी, होकार त्याच्या पुढची. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटातला एवाग्रिअस म्हणून गेला आहे की विचारांनी त्रास द्यावा की नाही हे आपल्या हातात नाही, त्यांनी मुक्काम ठोकावा की नाही हे आहे. इथपर्यंत दोन्ही बाजू ढोबळमानानं एकत्र आहेत. प्रॉटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या लूथरनं तर याच वाळवंटातल्या म्हाताऱ्यांचा दाखला दिला: डोक्यावरून पक्षी उडतात ते थांबवता येत नाहीत, केसांत घरटं मात्र बांधू देऊ नये.

वाद आहे तो त्याखालच्या मातीबद्दल. धक्का बसल्यावर आत जे हलतं, ती ओढ, त्या ओढीला काय म्हणायचं? कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं १७ जून १५४६ रोजी ठरवलं: बाप्तिस्म्यानंतरही ही ओढ उरते, ती पापातून आलेली आहे आणि पापाकडे झुकवते. प्रेषित पौल तिला कधी कधी पाप म्हणतो तो याच अर्थानं. पण ती ‘खऱ्या आणि नेमक्या अर्थानं पाप’ नाही. ती झुंजण्यासाठी ठेवलेली आहे, आणि होकार न देणाऱ्याचं ती काही बिघडवू शकत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १६४६ मध्ये, लंडनला वेस्टमिन्स्टरमध्ये जमलेल्या प्युरिटन, म्हणजे कडक वळणाच्या प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी आपला कबुलीनामा पुरा केला. त्यात या ओढीबद्दल आणि तिच्या प्रत्येक हालचालीबद्दल लिहिलं आहे: ‘खऱ्या आणि नेमक्या अर्थानं पाप’. शब्द तेच, मधला ‘नाही’ तेवढा गेला. पाळकसाहेब बोलले ते या वळणाचं. नगरकडच्या मंडळ्यांना अमेरिकन मराठी मिशनचा वारसा आहे आणि त्या मिशनची मुळं याच परंपरेत आहेत.

दोन्ही बाजू नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचं तेच वचन हातात घेतात: माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, भुलवला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. ‘भुलवला जातो’ इथला ग्रीक शब्द गळाला आमिष लावण्याचा आहे. वसईच्या माणसाला समजवायला नको. कॅथलिक म्हणतो, बघा, आधी वासना, मग गर्भ, मग पाप. म्हणजे वासना स्वतः पाप नव्हे. प्रॉटेस्टंट म्हणतो, मूल विंचवाचं तर आई काय कबूतर असेल? आमच्या मते याकोबाच्या या एका वचनावर कॅथलिक वाचन अधिक सरळ बसतं, आणि रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, जिथं पौल आपल्यात राहणाऱ्या पापाविषयी बोलतो, तिथं प्रॉटेस्टंटांची बाजू जड होते.

‘स्त्रीकडे वासनेनं पाहणाऱ्यानं मनात व्यभिचार केलाच’ या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या येशूच्या वचनावर पाळकसाहेब बोलले असणार, तिथं मात्र त्यांच्या वाक्यात घाई झाली. येशू ‘ज्याच्या मनात आलं’ असं म्हणत नाही. तो ‘पाहणाऱ्या’विषयी बोलतो, आणि मूळ ग्रीक रचना हेतूकडे बोट दाखवते: वासना धरण्यासाठी पाहणारा. ऑगस्टीननं हे चौथ्या शतकातच टिपलं होतं. वचनात पुरुषाचं उदाहरण आहे, पण नियम तुम्हालाही तोच. मराठीत हा फरक आपण रोज करतो: नजर जाते, आणि नजर ठेवली जाते.

‘वासना’ या शब्दानंही घोळ घातला आहे. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एपिथुमिया’ स्वतः वाईट नाही. शेवटच्या भोजनाआधी येशू शिष्यांना सांगतो की हे भोजन तुमच्याबरोबर करायची मला फार इच्छा होती, तिथं हाच शब्द आहे. आपल्याकडेही आजारी माणसाची ‘अन्नावरची वासना उडते’ आणि ती परत आली की घरचे खूश होतात. म्हणून एखाद्याचं बोलणं आवडणं, त्याचा स्वभाव चांगला वाटणं हे अजून कुणाच्याच हिशेबात पाप नाही. तो माणूस आपला असावा असं वाटू लागणं, तिथून वादाचा प्रांत सुरू होतो.

तुमचा त्रास कुठून येतो? तुम्ही व्याख्या नवऱ्याच्या चर्चची घेतली आणि हिशेबाची वही आपल्या चर्चची.

कॅथलिक पद्धतीत गंभीर पापं प्रकार आणि संख्या सांगून कबूल करावी लागतात. तेही ट्रेंटचंच, १५५१ चं. हा नियम माणसाला झेपतो, कारण तिथं पापाची व्याख्या अरुंद आहे: विषय गंभीर हवा, पुरती जाणीव हवी, जाणूनबुजून होकार हवा. तिन्ही असतील तेव्हाच मोजायचं. उलट प्रॉटेस्टंट परंपरेत व्याख्या अफाट रुंद आहे. १५६३ ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी दहाव्या आज्ञेबद्दल (‘लोभ धरू नको’) सांगते की देवाच्या कुठल्याही आज्ञेविरुद्ध बारीकसा विचारही मनात येता कामा नये. पण तिथं मोजणीच नाही. लूथरनांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीनाम्यानं पापांची यादी वाचण्याची सक्ती काढून टाकली होती. आणि हीच हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी क्षमेच्या प्रश्नात म्हणते की माझी पापं आणि ज्याच्याशी मला जन्मभर झगडावं लागतं तो माझा पापी स्वभाव, दोन्ही देव ख्रिस्तामुळे आठवणार नाही. म्हणजे रुंद व्याख्येला तितकीच रुंद क्षमा जोडलेली आहे. एक पद्धत थोडं मोजते, दुसरी सगळं कबूल करते पण मोजत नाही. तुम्ही सगळंच मोजायला बसलात. २३ खुणा होणारच, नीट लक्ष दिलंत तर २३० होतील. कारण खूण करायची तर विचार आला का ते बघावं लागतं, आणि बघायला गेलं की तो येतो.

तेव्हा कुठल्या तरी एका घरात राहा. तुम्ही कॅथलिक आहात, पापनिवेदन करता, तर हिशेब फादरांच्या नियमानं. नवऱ्याच्या मंडळीत सामुदायिक पापकबुली होते तेव्हा मनापासून म्हणा. तिथं तुम्ही २३ गोष्टी सांगत नाही, स्वतःची अवस्था सांगता. याबद्दल दोन्हीकडच्या धर्मपंडितांचं आता फारसं हातघाईवर येत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला लूथरन आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यात ओढीला पाप म्हणावं की नाही हा फरक नोंदवूनही त्यावरून एकमेकांना दोषी धरायचं नाही असं ठरलं.

आता संमती ओळखायची कशी? इथं मराठी व्याकरण उपयोगी पडतं. ‘मला राग आला’, ‘मला आठवण झाली’, ‘मला मोह झाला’: ‘मला’नं सुरू होणारं वाक्य म्हणजे तुमच्या बाबतीत काही तरी घडलं. ‘मी’नं सुरू होणारं वाक्य म्हणजे तुम्ही काही तरी केलं. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी या चाळणीतून काढा. ‘मला तो आठवला’ खाली पडलं. ‘मी फोन हातात घेतला, त्याचं नाव शोधलं, फोटो मोठा केला’ हे चाळणीत राहिलं. अंगठ्याची तीन कामं आहेत ती, आपोआप झालेली नाहीत. चहाचं तुम्ही हुशारीनं लिहिलंत, ‘मलाही चहा हवासा वाटतो’. पण खुर्ची मागं सरकवून उठलं कोण? लोकलमधलं मघाशी सांगितलं, खाडीचा पूल लक्षात ठेवा. या चाळणीला एक भोक आहे, तेवढं सांभाळा. ‘माझ्याकडून बघितलं गेलं’ हे व्याकरण फार सोयीचं असतं, पापनिवेदनात तर सर्रास ऐकू येतं. त्याचं आधी ‘मी बघितलं’ करा, मग चाळा.

विचार येतो त्या क्षणी करायचं फारच थोडं आहे, आणि लोक नेमकं तिथंच जास्त करतात. ओळखायचं, मनात ‘आला’ एवढंच म्हणायचं, आणि हातातल्या कामावर परत. वाद घालायचा नाही. ‘मला हे आवडलं का, किती आवडलं’ हे तपासायचं नाही. ती तपासणी म्हणजे गोडीचा दुसरा घास. प्रार्थना करायची तर एका ओळीची, एकदाच. मन स्वच्छ वाटेपर्यंत घोळवत राहिलात तर ती प्रार्थना राहत नाही, खूण पुसण्याचा खटाटोप होतो. परत आला तर परत तेच, न चिडता. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशिअस लोयोला, त्यानं आपल्या साधनेच्या टिपणांत लिहिलं आहे की एकदा हाकललेला विचार पुनःपुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी हाकलला जातो, तिथं पुण्य जास्त आहे. तुमच्या वहीतल्या कितीतरी खुणा या हिशेबानं दुसऱ्या रकान्यात जातील.

विचारांपेक्षा व्यवस्थेकडे लक्ष द्या. नीतिशास्त्रात याला पापाचा नजीकचा प्रसंग म्हणतात, आणि टाळता येणारा प्रसंग व न टाळता येणारा प्रसंग असा त्यात फरक करतात. नोकरी टाळता येणारी नाही, ती सोडायला कुणी सांगणार नाही. न टाळता येणारा प्रसंग नजीकचा राहू न देता दूरचा करायचा असतो, म्हणजे त्यातला धोका कमी करायचा. चॅट अर्काइव्हमध्ये टाका, कामाचं बोलणं ग्रुपवर. चहा तिसरं माणूस असेल तेव्हाच, किंवा पंधरा मिनिटं उशिरा. संध्याकाळी ऑफिसात दोघंच मागं राहू नका. ‘मनातलं सांगून मोकळं होऊ’ म्हणून त्याच्याशी बोलायला जाऊ नका. माफी मागण्याच्या वेशात तो होकारच असतो. एवढं झालं की महिन्याभरात विचारांना चारा कमी पडायला लागतो. एका रात्रीत नाही.

पापनिवेदनासाठी एकच फादर ठरवा आणि त्यांनाच धरून राहा. चर्च बदलत गेलात की प्रत्येकाला एकच तुकडा दिसतो, आणि तुम्हाला प्रत्येकाकडून नवं मत मिळतं. सांगायचं ते असं: ‘फादर, मी विवाहित आहे. एका सहकाऱ्याविषयीच्या कल्पनांत मी जाणूनबुजून रमले, आठवड्यातून साधारण तीन-चार वेळा. त्याच्या जवळपास राहायला निमित्तं काढली.’ संख्या तुमची खरी असेल ती, ‘साधारण’ चालतं. त्याचं नाव, वर्णन, कल्पनेतला तपशील नको. जिथं ‘होकार दिला की नाही’ याची शंका आहे ते सांगूच नका. शंकेनं पोखरलेल्या माणसाला नीतिशास्त्र ही मुभा मुद्दाम देतं. ‘जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग’ हा सल्ला इग्नेशिअसलाही १५२२ मध्ये मान्रेसा गावी मिळाला होता, आणि त्याची पंचाईत अशी झाली की त्याला सगळंच अगदी स्पष्ट वाटायला लागलं. तुमचंही तसंच व्हायला लागलं तर काय स्पष्ट आणि काय नाही हे फादरांना ठरवू द्या, आणि त्यांनी ‘हे पुन्हा सांगू नका’ म्हटलं की पुन्हा सांगू नका.

या पोखरणाऱ्या शंकेला लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणतात, म्हणजे बारीक खडा. चपलेत अडकलेला. इग्नेशिअसचं उदाहरण वाळलेल्या काड्यांचं आहे. वाटेत दोन काड्या क्रूसासारख्या पडलेल्या, त्यांवर नकळत पाय पडला, आणि माणूस ठरवून टाकतो की मी पाप केलं. ही झाली नुसती चुकीची समजूत, समजावलं की जाते. खरा खडा म्हणजे पाप झालं नाही असं दिसत असूनही ‘झालं असेल तर?’ हे टोचत राहणं. मोजणी, तपासणी आणि प्रार्थनांची उजळणी यांत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, झोप किंवा काम अडत असेल, तर हा ओसीडीचा, म्हणजे त्याच त्या विचारांत आणि कृतींत अडकवणाऱ्या मानसिक आजाराचा प्रकार असू शकतो आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. त्यावर औषधं आहेत, वर्तनोपचार आहेत, आणि त्यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला नवरा. विचारांची यादी त्याला देऊ नका. तुमचं ओझं हलकं होईल, त्याचं वाढेल, आणि त्याच्याकडे क्षमा करण्याजोगं ठोस काहीच हाती येणार नाही, नुसती एक प्रतिमा येईल. त्या सहकाऱ्यापाशी काही बोलणं झालं असतं, काही घडलं असतं, तर आमचं उत्तर वेगळं असतं. त्यानं सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. एरवी त्याच्याकडून मदत मागता येते आणि तिला कबुलीजबाबाची गरज लागत नाही: ‘ऑफिसात हल्ली मन फार गुंततंय, रात्री जेवणानंतर फोन बाजूला ठेवून अर्धा तास बोलत बसू या का?’ हे खरं आहे, पुरेसं आहे. आणि पाळकसाहेबांच्या उपदेशावर घरी बोलणं निघालंच तर क्षमेचा जो भाग त्या दिवशी तुमच्या कानावर पडला नाही, तो त्याला विचारा. त्याला तो पाठ असण्याची शक्यता बरीच आहे.

या शनिवारी जायचं असेल तर जा, ठरवलेल्या एकाच फादरांकडे, वही न घेता. रविवारी कम्युनियन घ्यायचं का, हे तिथं त्यांनाच विचारा आणि ते सांगतील तसं करा. वही जाळायचा समारंभ नको, रद्दीतही नको, कुणी तरी वाचेल. पानं फाडून चहाच्या चोथ्याबरोबर ओल्या कचऱ्यात टाका.